नऊ बेदाण्यांचा हिशेब

॥ श्री ॥

केलगेरी, धारवाड
वसुबारस

श्रीमंत राजेसाहेब, मुक्काम ओट्याखालची सतरंजी, यांस कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, दिवाळी दारात आली आहे. बेसन भाजून झालं आहे, भाऊबीजेच्या भेटींसाठी रंगीत कागद आणून ठेवला आहे, आणि आपण सकाळपासून ओट्यापाशी हजेरी लावून बसला आहात. गेल्या दिवाळीत आपण या घरावर जे उपकार केलेत, ते मी विसरलेले नाही. त्यांची आठवण या वर्षीचा पहिला डबा उघडण्याआधी चारचौघांच्या देखत करून द्यावी, म्हणून हे उघडं पत्र.

आपलं घराणं मोठं, हे आधीच मान्य करते. आईकडून आपण मुधोळचे. घोरपडे राजांनी जोपासलेली ही कारवानी कुत्र्यांची जात. त्याच घराण्यातल्या मालोजीराजांनी त्यांची जोडी थेट पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने आपल्या मातुल घराण्याचं तिकीट काढलं. वडिलांकडून आपण केलगेरीच्या बस थांब्यावरचे. कारवानी कुत्रा नजरेचा आणि पायांचा, माळरानावर ससा टिपणारा, असं जाणकार सांगतात. नाकाचा भाग बहुधा बस थांब्याकडून आला असावा.

त्या नाकाला तर माझं वेगळं वंदन. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख. आपल्या नाकात वीस ते तीस कोटी. भेटवस्तू कागदात गुंडाळली की उघडेपर्यंत आत काय आहे ते कुणाला कळत नाही, या समजुतीवर आमच्या पिढ्यान्‌पिढ्या भाऊबीज करत आल्या. आपण एका दुपारी ती समजूत दूर केलीत. भाचीचा खडूंचा डबा आपण बाजूला सारलात, भाच्याच्या पुस्तकाकडे पाहिलंही नाहीत, आणि तिसरं पुडकं चिकटपट्टीसकट उघडलंत. त्यात लाइन बाजारातून आणलेला अर्धा किलो पेढा होता. इतकी अचूक निवड केल्याबद्दल मी आपली ऋणी आहे.

धारवाडचा पेढा म्हणजे काही साधी मिठाई नव्हे, राजेसाहेब. प्लेगच्या दिवसांत उन्नावहून इथे आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो धारवाडला दिला. खवा तांबूस होईपर्यंत परतायचा, वळायचा, पिठीसाखरेत घोळवायचा. आज त्याला भौगोलिक मानांकन आहे. एवढा इतिहास आपण दोन घासांत संपवलात. नंतर दोन दिवस पोट धरून कोपऱ्यात बसलात, जेवणाला तोंड लावलं नाहीत. इतका तूप-खवा एकदम पोटात गेला की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे त्या दोन दिवसांत आम्हाला कळलं. आपण स्वतःचं अंग झिजवून आम्हाला शिकवलंत. असा गुरू कुणाला लाभतो?

जरीच्या फितीचा धडाही आपलाच. खोक्यावर बांधायला मीटरभर सोनेरी फीत कापून ठेवली होती. ती आपल्या तोंडातून वीतभर लोंबताना दिसली. दुसरं टोक घशात होतं. धाकटा भाऊ ओढायला धावला. नशीब, माझ्या हातातला चमचा त्याच्या मनगटावर वेळेवर पडला. दोरा, फीत, लोकर अशा लांब वस्तूचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं. मग नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तसं आतडं गोळा होतं. बाहेरून ओढलं तर तीच फीत आतून कापत जाते. म्हणून आतलं टोक दिसत नसेल, तर ओढायचं नाही. सरळ डॉक्टरांकडे जायचं. त्या दिवशी आपण खोकलात आणि फीत आपणहून बाहेर आली. कारवानी रक्ताने लाज राखली.

लेक पहिल्यांदाच घरी पाव करत होती, तेव्हा तर आपण खास हजर राहिलात. यीस्ट घालून आंबवायला ठेवलेल्या पिठावरचा ओला पंचा आपण दातांनी अलगद बाजूला केलात. कच्चं आंबतं पीठ कुत्र्याच्या ऊबदार पोटात फुगतच जातं, आणि आंबताना तयार होणारं मद्य रक्तात उतरतं. आपल्यासारख्या सोवळ्या घराण्यातल्या व्यक्तीला सणासुदीला झिंग चढलेली आम्हाला बघवली नसती. पातेलं वेळेत उचललं, त्याबद्दल आपण सबंध संध्याकाळ माझ्याशी अबोला धरलात. तो राग मी प्रसाद म्हणून स्वीकारला.

पाहुण्यांचेही आभार मानायला हवेत. आता लाडवांच्या जोडीला चॉकलेटांची खोकी येतात. कोको पावडर आणि काळ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जास्त, दुधाच्या चॉकलेटमध्ये कमी. माणसाचं शरीर ते लवकर मोडून टाकतं. आपल्या शरीरातून त्यातला निम्मा भाग जायलाही सतरा-अठरा तास लागतात. वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम गेलं की अस्वस्थता, उलट्या. 40-50 वर हृदयाचे ठोके बिघडतात. 60 वर झटके येऊ शकतात. आपलं वजन अठरा किलो. शंभर ग्रॅम काळ्या चॉकलेटची एक वडी आपल्याला पहिली पायरी ओलांडून पुढे न्यायला पुरेशी आहे. तरी येणारा प्रत्येक जण आपले डोळे पाहून म्हणतो, “एवढंसं द्या की, बघतोय बिचारा.” हे डोळे करण्याची विद्या आपण कुठे शिकलात? मुधोळला की बस थांब्यावर?

आता मुख्य उपकाराकडे येते.

नरकचतुर्दशीची पहाट. अंधार होता. एकीकडे अभ्यंगस्नानाचं पाणी तापत होतं, दुसरीकडे मी लाडू वळत होते. चाळीस लाडू, प्रत्येकाच्या डोक्यावर एक बेदाणा. म्हणून तासगावच्या बेदाण्यातले चाळीस मोजून वाटीत काढले आणि वाटी टेबलाच्या कडेला ठेवली. लेकीला उटणं लावायला पाच मिनिटं आत गेले. परत आले तेव्हा वाटी टेबलावरच होती, तशीच सरळ, तसूभरही न हललेली, आणि आतून लख्ख चाटलेली. भांडं न वाजवता खाण्याची ही खानदानी रीत पाहून माझ्या हातातलं उटणं गळालं.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, हे मला माहीत होतं. किती खाल्ल्यावर काय होईल याचा नेम नाही; एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. यातला दोषी पदार्थ कुणालाच ठाऊक नव्हता. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेला मीठ-पिठाचा गोळा एका कुत्र्याने खाल्ला. त्यात केक-बिस्किटांत घालतात ती क्रीम ऑफ टार्टार होती, म्हणजे याच आम्लाचा क्षार, आणि त्या कुत्र्याची मूत्रपिंडं बेदाणे खाल्ल्यासारखीच बिघडली. तिथून धागा मिळाला. हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे सारासाठी भिजवलेली चिंचही आपल्यापासून दूर ठेवायची, ही माहिती मिळवून देण्याचं श्रेय आपल्याच वाटीला.

शेजारच्या अज्जी मिठाच्या पाण्याची वाटी घेऊन धावत आल्या. उलटी होईल, पाजा म्हणाल्या. त्यांची माया खरी होती. पण इतकं मीठ रक्तात गेलं की कुत्रा बेदाण्याऐवजी मिठाने मरू शकतो. म्हणून मी ती वाटी त्यांच्या हातून घेऊन खाली ठेवली आणि आपल्याला रिक्षात घातलं. सणाची सकाळ. दोन दवाखान्यांना कुलूप. तिसरं दार उघडं होतं. एव्हाना गावात फटाके सुरू झाले होते आणि आपण माझ्या ओल्या पदरात डोकं खुपसून थरथरत होता. मघाच्या खानदानी रीतीचा मागमूस नव्हता.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात आपण सगळं पितळी घंगाळात मोकळं केलंत. ते घंगाळ माझंच होतं, घाईत अभ्यंगस्नानाचं उचलून आणलेलं. डॉक्टर खाली बसले आणि चिमट्याने एकेक फुगलेला बेदाणा बाजूला काढत कानडीत मोजू लागले. ओंदु, एरडु, मूरु. मी श्वास रोखून बरोबर मोजत होते. मूवत्तोंदु म्हणून ते थांबले. एकतीस. पुन्हा एकदा चाळून पाहिलं. एकतीसच.

नऊ बेदाणे आपल्यापाशी राहिले, राजेसाहेब.

त्या नवांसाठी आपल्याला दोन दिवस सलाइन लावलं. मूत्रपिंड बिघडायचं असेल तर ते एक ते तीन दिवसांत कळतं, असं डॉक्टर म्हणाले. लक्ष्मीपूजनाला घरात दिवे लागले आणि मी दवाखान्याच्या फरशीवर बसून आपला पाय धरून होते, सुई हलू नये म्हणून. आपण लघवी केलीत तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही ओवाळणीने झाला नसता. तिसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. आकडा ठीक होता. आपण घरी आलात, थेट स्वयंपाकघरात गेलात, आणि टेबलाच्या त्याच कडेला नाक लावलंत. या निष्ठेपुढे मी काय बोलू?

नेपाळात त्याच दिवशी, नरकचतुर्दशीला, आपल्या जातीची पूजा होते. कुकुर तिहार म्हणतात. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टिळा, पुढ्यात खाऊ. घरातला असो वा रस्त्यावरचा, त्या दिवशी प्रत्येक कुत्र्याचा मान. तिथे ओवाळणी होते त्या तिथीला आपल्या पायात सुई होती. हे मला अजून टोचतं.

आणि आमच्या मराठी घरात तर नामदेवांची गोष्ट आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नये म्हणून. लहानपणापासून ही गोष्ट ऐकली आणि मीही कधी आपल्या तोंडचा घास काढून घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं. पण नामदेवांच्या कुत्र्याने पोळी नेली होती, राजेसाहेब. बेदाणे नेले असते, तर नामदेवही घास काढून घ्यायलाच धावले असते. माया तीच. आपल्या तोंडात हात घालते तेव्हा माझ्या मनात हेच असतं, हे आपण लक्षात घ्यावं.

म्हणून नम्र विनवणी. आपलं कुतूहल कमी करा, असं मी म्हणणार नाही. ते नाक देवाने दिलं आहे आणि आपण ते मनापासून वापरता. त्या नाकाला बेदाण्याचा वास येतो. त्यातलं विष त्याला कळत नाही. ते कळण्याचं काम आमचं. फीत, चिकटपट्टी, कात्री यंदा एका डब्यात आणि डबा माळ्यावर. चॉकलेट, चिंच, लसूण घातलेला चिवडा वरच्या फळीवर. पाहुण्यांना दारातच सांगायचं की यांना काही भरवू नका. डॉक्टरांचा नंबर दिनदर्शिकेवर लिहिला आहे, सणाला कोण उघडं असतं हे आधी विचारून. हे पत्र ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्या ओट्याखालीही कुणी राजा बसला असेल. त्यांनीही तो नंबर बेसन भाजायच्या आधी लिहून ठेवावा.

आपली सोय केली आहे. ज्वारीची भाकरी, कोमट, चुरलेली. वर बोटभर तूप. बाकी संध्याकाळी तळ्यापर्यंत फेरी आहेच, फटाके सुरू होण्याआधी.

कळावे. लोभ आहेच, लाडवाचा नसावा.

आपली नित्याची भाकरीवाली

ता. क. यंदाही चाळीस लाडू वळले. प्रत्येकाच्या डोक्यावर अंगठ्याने खळगा केला, सवयीने. बेदाणा कुठल्याच खळग्यात नाही. अज्जी पाहून गेल्या, विचारलं, का गं? मी म्हटलं, आमच्या राजाचा मान आहे तो.