पाठमोरं अस्वल

अस्वलापासून ३०० यार्ड लांब राहावं, असा अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे. मूस नावाच्या थोराड हरणापासून २५ यार्ड पुरतात. ३०० यार्ड म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे मीटर, आणि तेवढ्यावरून अस्वल गवतात पडलेल्या गुळाच्या खड्याएवढं दिसतं. आमच्या पुण्याच्या फोटोग्राफी ग्रुपला हा नियम फार आवडला. ६०० मिलिमीटरची लेन्स कशाला हवी होती, या घरोघरच्या प्रश्नाला अमेरिकन सरकारने परस्पर उत्तर दिलं होतं.

ऑगस्ट २०२४ ची अखेर होती. टुंड्रा लालभडक झालेली. खासगी गाड्यांना उद्यानात १५ मैलांपर्यंतच सोडतात, पुढे बस. बसमध्ये ज्याला प्राणी दिसेल त्याने ओरडायचं आणि ड्रायव्हरने थांबायचं, अशी रीत. ओरडण्याच्या बाबतीत आम्ही कमी पडलो नाही. दगडांसाठी थांबलो, खोडांसाठी थांबलो, एकदा तर आमच्याच पुढच्या बसमधल्या तपकिरी जाकिटासाठी थांबलो. ड्रायव्हरदादा सोशिक होते.

मग खरं अस्वल आलं. ऑगस्टमधल्या अस्वलाला एकच उद्योग असतो, खाणं. पुढे कित्येक महिने झोपायचं असल्यामुळे ते सोपबेरीच्या झुडपात तोंड खुपसून दिवसच्या दिवस चरत राहतं. परिणामी कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो तो अस्वलाचा मागचा भाग. तो आम्ही सगळ्यांनी काढला, उभा काढला, आडवा काढला. “डोळ्यांवर फोकस ठेवा!” सर मागून ओरडत होते. डोळे बेरीत होते.

सर म्हणजे आमचे ग्रुपप्रमुख. त्यांचं दैवत अँसेल अ‍ॅडम्स. अ‍ॅडम्सने १९४० च्या दशकात इथल्या वंडर लेकच्या काठावरून ऐन उन्हाळ्यातल्या अतिलवकर उजाडणाऱ्या पहाटे डेनाली शिखराचा जगप्रसिद्ध फोटो काढला. तिथेच उभं राहून तसाच फोटो काढायचा, हा सहलीचा मूळ बेत. वंडर लेक ८५ व्या मैलाला आहे. रस्ता मात्र २०२१ च्या ऑगस्टपासून ४३ व्या मैलाला बंद होता, कारण पुढे प्रिटी रॉक्सपाशी जमिनीतला गोठलेला थर वितळत होता आणि रस्ताच्या रस्ता दरीकडे सरकत होता. तेव्हा सरांनी ४३ व्या मैलावर उभं राहून उरलेले ४२ मैल तोंडी पार पाडले.

शिखर तरी दिसावं! ६,१९० मीटर उंच, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं. पण येणाऱ्या तिघांपैकी साधारण एकालाच दर्शन देतं. बाकीच्यांना ढग. सरकारने २०१५ मध्ये त्याचं मॅकिन्ली हे नाव काढून तिथल्या मूळ रहिवाशांचं डेनाली हे नाव दिलं, २०२५ मध्ये ते काढून पुन्हा मॅकिन्ली ठेवलं. उद्यान मात्र डेनालीच राहिलं. आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते अध्यक्ष मॅकिन्ली अलास्काला कधी गेलेच नव्हते. डोंगर चारचौघांत यायला का लाजतो, हे मला तरी समजण्यासारखं वाटतं.

राहता राहिलं केनेल, म्हणजे उद्यानाचं कुत्राघर. बर्फावरची स्लेज गाडी ओढणारे कुत्रे पाळणारं अमेरिकेतलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. १९२२ मध्ये पहिले अधीक्षक हॅरी कार्स्टन्स यांनी हे केनेल सुरू केलं. १९१३ मध्ये शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या चौघांपैकी ते एक. उद्यानाच्या मोठ्या भागात आजही इंजिनाला बंदी आहे, म्हणून हिवाळ्यात गस्त आणि सामानाची ने-आण कुत्रेच करतात.

आमच्या डोक्यात कॅलेंडरवरचा निळ्या डोळ्यांचा गुबगुबीत सायबेरियन हस्की होता. इथले अलास्कन हस्की लांब तंगड्यांचे, सडसडीत, कुणी काळा, कुणी तांबूस, एकाचा रंग दुसऱ्याला नाही. ही काही वंशावळ मिरवणारी जात नव्हे; पिढ्यान्‌पिढ्या काम बघून निवडलेली मंडळी. “अगोबाई, हे तर आपल्या डेक्कनवरचेच!” बँकेतल्या काकू म्हणाल्या.

रेंजरबाईंनी कुत्रे जुंपण्याची सगळी रचना समजावून सांगितली. सर्वांत पुढे लीडर, वाट काढणारा. त्यामागे स्विंग, वळणावर साथ देणारे. अगदी गाडीला लागून व्हील डॉग, सगळ्यांत दणकट. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. आमच्या ग्रुपमध्ये व्हील डॉग कोण असा विचार मी करून पाहिला. नव्हतंच कोणी. सगळे लीडर.

बाईंनी हार्नेस हातात घेतला मात्र, सगळं केनेल पेटलं. प्रत्येक कुत्रा आपल्या लाकडी घराच्या छपरावर चढून, साखळी ताणून, मला घ्या म्हणून किंचाळू लागला. निवडलेले मागच्या दोन पायांवर नाचत निघाले. उरलेल्यांनी जो आक्रोश मांडला, त्यापुढे तिकीट कापलेले उमेदवार फिके पडतील. आणि मागणी काय, तर ओझं ओढू द्या! आमच्याकडे ट्रायपॉड उचलायची वेळ आली की सगळ्यांचे गुडघे दुखतात.

“आय लेव्हल!” सरांचा हुकूम सुटला. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे खडीवर पालथे पडलो. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी वाकून काकूंना विचारलं, यांना बरं नाही का? काकू तेवढ्या उभ्या होत्या. त्यांचे गुडघे खरोखरच दुखतात.

ब्रेक सुटला आणि भुंकणं एकदम थांबलं. हे पाहायला यावं, इतकं ते विलक्षण आहे. इतका वेळ जीव काढणारे कुत्रे धावू लागताक्षणी गप्प. उन्हाळ्यात चाकांवर चालणारी ती गाडी खडीवरून खरखरत गेली तेवढाच आवाज. पाहिलं ते काकूंनी. आमच्या कॅमेऱ्यांत धूळ आली, शिवाय प्रत्येकाच्या फ्रेममध्ये डावीकडच्याचा लेन्सहूड.

रात्री लॉजवर सरांनी स्पर्धा ठेवली. ‘वन्यजीव’ विभागात एकाच अस्वलाच्या पाठी ओळीने आल्या. एकाचं शीर्षक ‘चिंतन’, दुसऱ्याचं ‘एकांत’, तिसऱ्याचं ‘निरोप’. ‘लँडस्केप’ विभागात फक्त काकूंचा फोटो होता, तोही आजोबांनी काढून पाठवलेला. त्यात खडीवर पालथा पडलेला आमचा ग्रुप. सरांनी हरकत घेतली, “काकू, यात निसर्ग कुठे आहे?”

काकूंनी ग्रुपमधल्या एका काकांच्या पांढऱ्या जाकिटातल्या भव्य पाठीवर बोट ठेवलं. वर धूळ दाटली होती.

“अर्धा ढगात आहे,” काकू म्हणाल्या, “पण दिसतोय की!”