भिंतीवरची निळी बाटली

पौषातला गारठा. आमच्या गल्लीत ऊन येतं ते अजिंक्यताऱ्याच्या डोंगराला विचारून. आठ वाजून गेले तरी अंगणातली फरशी गारढोण असते आणि उन्हाची पहिली पट्टी पडते ती आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मधल्या कमरेएवढ्या भिंतीवर. त्यामुळं थंडीचे दोन महिने त्या हातभर जागेवर सगळ्यांचा डोळा. एका टोकाला आमच्या ह्यांचे धुतलेले बूट, दुसऱ्या टोकाला वहिनींचं मांजर. त्या दिवशी मात्र बूटही नव्हते आणि मांजरही नव्हतं. मधोमध खोबरेल तेलाची निळी बाटली उभी होती.

“वहिनी, बाटलीला ऊन खायला बसवलंय का?”

“काय करता ताई, पार दगड झालाय. बाळाच्या आंघोळीचं पाणी तापलं, शेगडी पेटली, आणि तेल बाटलीतनं बाहेर यायला तयार न्हाई. आमच्या सांगलीत पण थिजतंय, पण चहा होईस्तवर पातळ. तुमच्या साताऱ्याचं तेल साताऱ्याच्या माणसागत. एकदा बसलं की हलतंय कुठं!”

वहिनींना लग्न होऊन साताऱ्यात येऊन तीस वर्षं झाली. पण अजून काही बिघडलं की ते ‘तुमच्या’ साताऱ्याचं आणि चांगलं असलं की ते ‘आमच्या’ सांगलीचं. मी म्हटलं, “२४ अंशांच्या खाली गेलं की ते कुठंही थिजतं. साताऱ्याचा त्यात काय दोष?”

“पण थिजतंय म्हंजे अस्सल, असं म्हणतात की.”

“म्हणतात. पामच्या बियांचं तेलही असंच थिजतं. थिजलं की नारळाचं, असं धरायचं तर उद्या डालड्यालाही नारळाचं म्हणाल.”

वहिनींची लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे. बाळ वीस दिवसांचं. त्यामुळं घरात सध्या राज्य वहिनींचं नाही, त्यांच्या सासूबाईंचं. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज अजून चाळिशीतला. वहिनी भिंतीला टेकून हळूच म्हणाल्या, “आत्याबाई काय म्हणतात म्हाइताय का? अंगाला लावून झालं की दोन थेंब नाकात आणि दोन कानात. त्यांच्या सगळ्या पोरांना घातलंय म्हणं, म्हणून नाकं अशी तरतरीत आलीत. आता आमच्या नणंदेचं नाक तुम्ही बघितलंय.”

मी बघितलं होतं. म्हणून गप्प बसले.

“मग काय करू? घालू द्यू का?”

माझा भाचा मिरजेत डॉक्टर आहे. दिवाळीत आला तेव्हा मी त्याला नेमकं हेच विचारलं होतं, कारण मलाही माझ्या सासूनं हेच शिकवलेलं. तो म्हणाला, अंगाला खुशाल लावा. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात तर हे रीतसर तपासून बघितलंय. काही बाळांना खोबरेलनं मालिश केली, काहींना खनिज तेलानं. जी बाळं दिवस भरायच्या आत जन्मली होती, त्यांचं वजन खोबरेलनं जास्त वेगानं वाढलं. २००५ साली ते छापूनही आलं. पण नाकात थेंबसुद्धा नको. तान्ह्याला ते खोकून बाहेर टाकता येत नाही, तेल सरळ फुप्फुसात उतरतं आणि तिथं न्यूमोनिया करून बसतं. कानातही नको. ओल राहिली की बुरशी धरते.

“हे तुम्हीच सांगा आत्याबाईंना,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगितलं तर माझ्या माहेरापासनं सुरुवात होईल.”

माहेराचं नाव निघालं आणि गाडी आपोआप सांगलीच्या रस्त्याला लागली.

“पण खरं सांगू का ताई, तेलाचा गुण मी माहेरीच बघितला. आमच्याकडं चटणीचा दिवस म्हंजे लगीनच. उन्हाळ्यात दहा-बारा किलो मिरच्या, कांदा, लसूण, खोबरं. पहिल्या वर्षी मी हौसेनं देठं काढाय बसले. संध्याकाळी हाताची अशी आग, की पाण्याच्या बादलीत हात घालून रडले. पाण्यानं तर आणखीच पसरली. आमची आई म्हणाली, खुळे, मिरचीला पाणी न्हाई चालत, तेल चालतंय. खोबरेल चोळलं, पुसून काढलं, परत चोळलं, मग साबणानं धुतलं. रात्री जेवले की मी त्याच हातानं.”

आईचं बरोबरच होतं. मिरचीतला जो झोंबणारा अर्क, तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्या माउलीला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण बारा किलो मिरच्यांनी ते शिकवलं होतं.

“आणि पुरात?” मी विचारलं. कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये वहिनी आठ दिवस फोनला चिकटून होत्या, तेव्हा मी त्यांच्याकडं भाकरी पोचवत होते. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका धरतात, त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती.

“पाणी उतरलं आणि घरात गुडघाभर चिखल. आमचे अण्णा चिखलात उतरायच्या आधी पायांना, बोटांच्या बेचक्यात खोबरेल चोपडायचे. लोक हसायचे, म्हणायचे, अण्णा कुस्तीला चाललेत. पण आठ दिवस चिखल उपसून त्यांच्या पायाला चिखल्या न्हाई झाल्या. माझ्या धाकट्या भावानं काय केलं? आधी चिखल्या होऊ दिल्या, मग त्यावर तेल चोपडलं आणि वर गमबूट घातले. पाय असा सडला म्हणता! शेवटी डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाय कोरडा ठेवा म्हणून दम भरला.”

म्हणजे बघा, बाटली एकच. पाणी आत येऊ नये म्हणून आधी लावलं तर ती रेनकोट. बुरशी लागल्यावर लावून वर बूट चढवला की बुरशीचंच पांघरूण.

“कोंड्याचंही तसंच,” मी म्हटलं. “कोंड्याची बुरशी डोक्यावरच्या तेलावरच पोसते. आपण खाजतंय म्हणून आणखी तेल थापतो.”

“मग केसाला लावूच नको म्हणता?”

“लावा की. न्हायच्या आधी लावा. २००३ मध्ये मुंबईत केसांवर प्रयोग झाले. सूर्यफुलाचं तेल, खनिज तेल आणि खोबरेल. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं, ते तिघांतून फक्त खोबरेलनं रोखलं. बाकीची दोन नुसती वर बसतात, हे केसाच्या आत शिरतं.”

“कुणी केला प्रयोग?”

“मॅरिकोच्या लोकांनी.”

“म्हंजे ह्याच बाटलीवाल्यांनी?” वहिनींनी बाटली उलटी करून नाव वाचलं. “हे तर सासूनं सुनेचं कौतुक केल्यागत झालं.”

“सासूनं केलं असतं तर डोळे झाकून खरं मानलं असतं. हे आईनं लेकीचं केल्यासारखं आहे. पण लेक खरंच चांगली असू शकते.”

बाटली हातात होतीच. वहिनी लेबल वाचत राहिल्या. “ताई, ह्याच्यावर केसाचं तेल असं कुठंच लिहिलेलं न्हाई. वर हिरवा ठिपका आहे. हे काय खायचं तेल म्हणायचं का?”

हा प्रश्न वहिनींना पडला यात नवल नाही. तो सुप्रीम कोर्टालाही पडला होता. २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांची दोन मतं झाली. मग तिघांच्या पीठानं १८ डिसेंबर २०२४ ला निकाल दिला, की लहान बाटलीत भरलं तरी ते खाद्यतेलच, बाटलीवर केसांचं म्हणून लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. भांडण जुन्या उत्पादन शुल्काचं होतं. निकालाच्या वेळी जीएसटीतही खायच्या तेलाला ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८ होते. आणि निकाल लागून वर्ष व्हायच्या आत, सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं केसांच्या तेलालाही ५ टक्केच लावले. इतकी वर्षं वकील पोसले ते कशाला, असं झालं.

“कोर्टाला आमच्या घरी आणायला पायजे होतं,” वहिनी म्हणाल्या. “झुणक्याला बसवलं असतं.”

हा झुणका मला पाठ आहे, पण वहिनींना तो सांगू दिल्याशिवाय सकाळ पुढं सरकत नाही. वहिनींचा चुलतभाऊ विट्याचा. विटा-आटपाडीकडच्या घराघरातला कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात, देशात कुठं तरी सोनं-चांदी गाळत बसलेला असतो. हा बसलाय केरळात, त्रिशूरला. गेल्या दिवाळीला येताना त्यानं पाच लिटरचा डबा आणला. तेव्हा तिकडं लिटरला चारशेच्या वर भाव गेला होता, म्हणजे आहेर काही साधा नव्हता.

“भाऊ म्हणाला, तिकडं सगळं ह्यातच. मासे ह्यात, भाजी ह्यात. मी झुणका केला. भाकरी वाढली. आमच्या ह्यांनी एक घास खाल्ला, ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, झुणक्याची वेणी घातलीस का?”

आपली जीभ शेंगदाण्याच्या आणि करडईच्या तेलावर वाढलेली. गोव्यात-केरळात खोबरेल चुलीपाशी राहतं, आपल्याकडं आरशापाशी. वास तोच, पण आपल्या नाकाला तो शाळेत जाणाऱ्या पोरींच्या दोन वेण्यांचा वास. झुणक्यात तो कसा सोसवणार?

“डबा तसाच राहिला. सांगलीला अण्णांना दिला. अण्णांनी मोबाइलवर काय बघितलं कोण जाणे. सकाळी उपाशीपोटी दोन चमचे. मोठे, आमटीचे! म्हणं डोकं तल्लख राहतंय, पोट कमी होतंय. पोट कमी झालं न्हाई, पण पुढं कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरांनी खुर्ची सोडली.”

“सोडतीलच. ह्या तेलात शंभरातले नव्वद भाग घट्ट चरबीचे असतात. लोण्यापेक्षाही जास्त. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगावर काम करणाऱ्या संस्थेनं ते खाऊ नका म्हणून सांगितलं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ते वाढवतं.”

“मग केरळातली माणसं?”

“तिथंही हृदयाचे रोगी कमी नाहीत. आणि ते त्यात स्वयंपाक करतात, अण्णा वरून पीत होते. भाजीला शेंगदाण्याचं, पोळीला तूप आणि औषधाला खोबरेल. तेल तीन ठिकाणाहून आणि पोट एकच.”

वहिनी खुदकन हसल्या. “आणि तुमच्या बेसिनचं काय झालं ताई? ते आत्याबाईंना अजून सांगितलं न्हाई मी.”

आता माझी पाळी होती. दुसऱ्याच्या अण्णांना हसलं की आपल्या घरचं झाकून ठेवता येत नाही. तर आमच्या ह्यांनी गेल्या थंडीत तोंडात खोबरेल घेऊन खुळखुळवायला सुरुवात केली. रोज वीस मिनिटं. दात बळकट, हिरड्या घट्ट, रक्त शुद्ध. जुन्या वैद्यांनी गुळण्या सांगितल्या आहेत, ते खरं, पण त्यांच्या ‘तेल’ शब्दातच तीळ आहे. ते ह्यांना सांगायची सोय नव्हती, कारण तोंड भरलेलं. खरं सांगते, ती वीस मिनिटं आमच्या घरात फार शांततेत जायची. चहात साखर कमी आहे हे ऐकू यायचं नाही, पेपर कुठंय हे हातवाऱ्यांनी कळायचं. मला वाटलं, गुण येवो न येवो, उपाय चांगला आहे.

तीन आठवड्यांनी बेसिन तुंबलं. प्लंबर आला. त्यानं खालचा पाइप सोडवला आणि आतून पांढरी, गोल, लांबडी वस्तू ओढून काढली. म्हणाला, “काकू, बेसिनमध्ये मेणबत्ती ओतली होती का?”

रोज थुंकलेलं तेल साताऱ्याच्या थंडीत पाइपात थिजत गेलं होतं. दातांना काय फायदा झाला ते दात जाणोत. ब्रश तर तेव्हाही दोनदा करावाच लागत होता. प्लंबरचे पाचशे रुपये मात्र गेले.

“म्हंजे तेलही गेलं आणि बेसिनही,” वहिनी म्हणाल्या.

“धुपाटणं प्लंबर घेऊन गेला.”

तेवढ्यात आतून बाळानं सूर लावला आणि मागोमाग आत्याबाई पायरीवर आल्या. “पाणी निवाय लागलं. काय चाललंय भिंतीवर? तेल आणाय गेलीस का तेल काढाय?”

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग मीच सांगितलं. अंगाला लावा, हातापायांना लावा, नाकात आणि कानात तेवढं नको. फुप्फुसात जातं. परवा फोडणी उडाली तेव्हा मीसुद्धा सवयीनं भाजल्यावर तेल लावलं आणि भाच्याच्या शिव्या खाल्ल्या. भाजल्यावर वीस मिनिटं नळाखाली हात धरायचा, तेल आग आतच कोंडतं. आपल्याला ठाऊक असलेलं सगळंच बरोबर असतं असं नाही, आत्याबाई.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “आमच्या वेळी कुठं होता तुझा भाचा?” म्हणाल्या. मग बाटली उचलली, उन्हाकडं धरून हलवली. तेल पाण्यासारखं झालं होतं. दोन थेंब तळहातावर घेऊन त्यांनी हात चोळले, वास घेतला आणि मान हलवली. “बरं. नाकाचं राहिलं. कानाचंही राहिलं. टाळूचं मात्र मी सोडायची न्हाई.”

“टाळू तुमचीच,” मी म्हटलं.

त्या आत गेल्या. भिंतीवर मांजर परत आलं.

तुमच्या घरी तान्हं असेल आणि आत्याबाईही असतील, तर भांडत बसू नका. अंग त्यांच्या हाती द्या, नाक-कान तेवढे आपल्या ताब्यात ठेवा. घरात कुणी उपाशीपोटी चमचा उचलत असेल, तर आधी रक्त तपासून घ्यायला सांगा. आणि बाटलीचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्ट काहीही म्हणो, साताऱ्या-सांगलीत तिची जागा आरशापाशी. थंडीत तेवढी भिंतीवर.