सहावा पेपर तर पुस्तक उघडून!

सीए फायनलचा निकाल लागला की दोन प्रकारची माणसं घराबाहेर पडतात. एक, पेढे वाटणारी. दुसरी, पेपर एक ते सहा सोप्याकडून अवघडाकडे लावून दाखवल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही ती. पहिल्या प्रकारची मूठभर असतात. दुसऱ्या प्रकारात निम्मा महाराष्ट्र मोडतो आणि त्यातल्या बहुतेकांनी जन्मात एकही ताळेबंद जुळवलेला नसतो. पूर्वी हा मोसम वर्षातून दोनदा यायचा. २०२५ पासून परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होऊ लागली, त्यामुळे काकालोकांवरचा ताण वाढला आहे.

क्रमवारी ठरलेली असते. एफआर, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंग, अवघड, कारण नावातच फायनान्शियल आहे. एएफएम, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट, त्याहून अवघड, कारण त्यात डेरिव्हेटिव्हज येतात आणि भाच्याचे पैसे त्यातच बुडाले. डायरेक्ट टॅक्स मध्यम, कारण ८०सी आपल्यालाही कळतं. इनडायरेक्ट टॅक्स सोपा, कारण जीएसटी हॉटेलच्या बिलावर छापूनच येतो. ऑडिट? ती नुसती थिअरी. आणि सहावा? इथे काका पुढे सरकतात, बशी खाली ठेवतात. 'सहावा तर पुस्तक उघडून लिहायचा असतो!'

मग मंडळी हसतात. जिचा निकाल लागलाय ती पोरगी हसत नाही.

आता या उघड्या पुस्तकाकडे जरा बघू. पेपरचं नाव इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स. बाकीचे पाच पेपर तीन तासांचे, हा चार तासांचा. का, तर पानं उलटायला वेळ लागतो म्हणून, इति काका. पेपरात एक कंपनी असते. ती दुसरी कंपनी विकत घेते, परदेशात उपकंपनी काढते, तिथे कर चुकवल्यासारखं काहीतरी करते, इथे जीएसटीच्या क्रेडिटचा घोळ घालते, लेखापरीक्षकाला अर्धीच कागदपत्रं दाखवते आणि वर संचालक मंडळाला व्यूहनीती ठरवायची असते. हे सगळं एकाच गोष्टीत. पहिले पाचही पेपर त्यात येतात, शिवाय कंपनी कायदा येतो, कॉस्टिंग येतं. म्हणजे पुस्तक उघडायचं हे खरं, पण कुठलं? म्हणून पोरं चाकाची बॅग ओढत केंद्रावर येतात. गावाला निघाल्यासारखी. बॅगेत प्रत्येक विषयाचे खंड, प्रत्येक खंडाला रंगीत चिकटपट्ट्या: पिवळी जीएसटीची, गुलाबी इंड एएस या लेखा मानकांची, हिरवी आंतरराष्ट्रीय कराची, आणि निळी कशाची हे रात्री दोन वाजता चिकटवल्यामुळे कोणालाच आठवत नाही. केंद्र म्हणजे बहुधा एखादी शाळा. बाक चौथीच्या मुलाच्या मापाचा. त्यावर उत्तरपत्रिका ठेवली की कॅल्क्युलेटर मांडीवर, आणि उघडं पुस्तक ठेवायला फक्त फरशी उरते. मग उमेदवार वाकून फरशीवरचं पान वाचतो, उठून एक ओळ लिहितो, पुन्हा वाकतो. वर पंखा. पंखा पानं उलटतो, स्वतःच्या मर्जीने, आणि तुम्ही विलीनीकरणाच्या हिशेबात असताना तुम्हाला भाडेपट्ट्याच्या इंड एएस ११६ वर आणून सोडतो. तासाभराने सगळी बॅग रिकामी, सगळी पुस्तकं उघडी, आणि पर्यवेक्षक वाटेतल्या खंडांवरून उड्या मारत पुरवण्या वाटतायत. साडेतीनच्या सुमारास पोरगं पुस्तकं मिटून बॅगेत भरतं आणि डोक्यातलं लिहायला घेतं. काकांच्या घरी पाककृतीचं पुस्तक गेली कित्येक वर्षं ओट्यावर उघडं आहे. पुरणपोळी अजून दुकानातूनच येते.

राहिली ती नुसती थिअरी. ऑडिटच्या मानकांत ७०५ नावाचं एक प्रकरण आहे. मत द्यायला पुरेसा आणि योग्य पुरावाच मिळाला नाही, आणि न मिळाल्याचा परिणाम मोठा व सर्वदूर असू शकतो, असं दिसलं तर लेखापरीक्षकाने काय करायचं? मत द्यायला सरळ नकार द्यायचा. लेखी. काकांनी एवढं एकच मानक वाचलं असतं तरी मुंजी आणि साखरपुडे पुष्कळ शांततेत पार पडले असते.

बरं, हा आजार काकांपुरता असता तर चाललं असतं. पण अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारी मुलंही पाणी प्यायला उठली की 'ग्रुप एक अवघड की ग्रुप दोन' यावर शास्त्रार्थ करतात. यांची फूटपट्टी वेगळी. ज्या पेपरात साठ मिळून एक्झेम्प्शन, म्हणजे तो पुन्हा देण्यातून सूट, आलं तो सोपा, ज्यात अडतीस आले तो यंदा अवघड काढला होता. साठवाला आणि अडतीसवाला एकाच बाकावर, एकच प्रश्नपत्रिका सोडवून आलेले असतात. सीनियर मंडळींचं तिसरंच. त्यांच्या वेळी आठ पेपर होते, आता सहा. त्यांची आर्टिकलशिप तीन वर्षांची, आताची दोन. म्हणजे सगळंच सोपं झालं. त्यांच्यातल्या केस पांढरे झालेल्यांच्या वेळी जीएसटी नव्हता, इंड एएस नव्हते, हे मात्र हिशेबात धरायचं नसतं. आणि डायरेक्ट टॅक्स मध्यम म्हणणाऱ्यांसाठी ताजी खबर: १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले. ज्या पोराने रात्र-रात्र जागून जुने आकडे पाठ केले, त्याने ते आता कोणाला ऐकवायचे?

खरी गंमत गुणांच्या बेरजेत आहे. नियम असा की प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या तीन पेपरांत मिळून ३०० पैकी १५०. आता एका मुलीला ४०, ४० आणि ६९ पडले. तिन्ही पेपर पास. बेरीज १४९. ग्रुप नापास. सांगा काका, यातला अवघड पेपर कुठला? ६९ च्या जोरावर तो एक पेपर पुढच्या तीन प्रयत्नांपुरता सुटेल. बाकीचे दोन, जे ती पास झाली होती, ते पुन्हा द्यायचे. आणि शेजारच्या मुलाने दोन्ही ग्रुप एकदम दिले, एकात १६५, दुसऱ्यात १३५. प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर, एकूण ६०० पैकी ३००. दोन्ही ग्रुप पास! त्याचा अवघड ग्रुप सोप्या ग्रुपाकडून पंधरा गुण उसने घेऊन मोकळा झाला. त्या मुलीला एक गुण उसना द्यायला दुसरा ग्रुपच नव्हता, कारण 'दोन्ही एकदम अवघड पडतात, एकेक दे' असा सल्ला तिला मिळालेला. कोणी दिला होता तो विचारू नका. त्या वेळी त्यांच्या हातात बशी होती.

आता मात्र हसण्याचं सोंग पुरे. 'पुस्तक उघडून लिहायचा पेपर' म्हणणारी हीच माणसं जुलैच्या तीस तारखेला रात्री साडेनऊला दार वाजवतात. हातात कापडदुकानाची पिशवी. तिच्यात फॉर्म १६, दोन बँकांची पासबुकं, मुदतठेवीच्या व्याजाचे कागद, डिमॅटचं स्टेटमेंट आणि गावच्या जमिनीचा एक सातबारा, जो कशाला आणला ते त्यांनाही माहीत नसतं. 'दोन मिनिटांचं काम आहे गं. हल्ली सगळं आधीच भरून येतं म्हणतात.' मग भरा की! संकेतस्थळही उघडंच आहे, कायद्याचं पुस्तकही उघडं आहे. पण नाही. ती पोरगी रात्री बारापर्यंत बसते, एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसणारं आणि काकांनी न सांगितलेलं व्याज शोधून काढते, तेही 'हे दाखवलंच पाहिजे का' असा वाद घालून घेऊन, आणि मोबदल्यात तिला काय मिळतं, तर दिवाळीला चिवड्याचा डबा. डबाही परत मागतात. ही तीच पोरगी, जी ३१ मार्चला सगळं गाव घरी असताना कुठल्यातरी एमआयडीसीच्या गोदामात रंगाचे डबे मोजत उभी होती. ज्या स्टायपेंडवर तिने ही वर्षं काढली तेवढ्यात काकांचा महिन्याचा पानसुपारीचा खर्च भागत नाही. तिला कुठला पेपर सोपा गेला हे ऐकायचा अधिकार या लोकांना कोणी दिला?

तेव्हा यंदा ज्यांना रिटर्न भरून घ्यायचं असेल त्यांनी जूनमध्येच यावं. फॉर्म १६, पासबुकं आणि सगळ्या ठेवींचे कागद बरोबर आणावेत, सातबारा घरी ठेवावा. फी रोख किंवा यूपीआयने, कागद देतानाच घेतली जाईल.