त्रिकोण कुठे गेला?

व्हिम हा एडिटर १९९१ सालचा. दिसायला विरक्त: काळा पडदा, अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. पण विरक्ती माणसाला फार दिवस झेपत नाही. मग तो पॉवरलाइन किंवा एअरलाइन असलं एखादं प्लगइन टाकतो. खालच्या पट्टीत फाइलचं नाव, गिटची शाखा, ओळीचा क्रमांक येतो आणि प्रत्येक रंगीत खणाच्या कडेला ऐटदार त्रिकोण. निदान ज्याच्या स्क्रीनवर पाहून आपण हे घेतलं, त्याच्याकडे तरी त्रिकोण होता. आपल्याकडे तिथे रिकामी चौकट.

काम काही अडलेलं नसतं. प्रोग्राम चालतो, फाइल सेव्ह होते, क्लायंटला त्रिकोणाचं सोयरसुतक नाही. तरी अख्खा रविवार त्यात जातो. हिशेब चुकवणारा बग माणूस खुशाल सोमवारवर ढकलतो. डोळ्यांत खुपणारा ढकलवत नाही.

पहिला संशय अर्थातच प्लगइनवर. काढा, पुन्हा टाका. मग रंगसंगतीची थीम बदला. मग सेटिंगची फाइल उघडा. ती आपली फक्त नावापुरती असते. निम्म्या ओळी इकडून तिकडून उचललेल्या. त्यातच एक ओळ सापडते: एअरलाइनचे पॉवरलाइन फाँट चालू. म्हणजे ‘माझ्या फाँटात ही चिन्हं आहेत’ असं आपणच लिहून दिलेलं. प्लगइन बिचारं विश्वास ठेवून मोकळं झालं.

त्या त्रिकोणाचा क्रमांक ई०बी०. युनिकोडने ई००० ते एफ८एफएफ या ६,४०० जागा खासगी वापरासाठी सोडल्या आहेत. तिथे कोणतं चिन्ह बसवायचं, हे ज्याचा तो फाँट ठरवतो. साध्या फाँटात तिथे काहीच नसतं, म्हणून चौकट. युनिकोडच्या आधी ज्यांनी मराठी डीटीपी केलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, की गणपतीच्या श्लोकाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम! मग फोन: “अहो, फाइल आली, पण फाँटही पाठवा ना!” देवनागरीला पुढे युनिकोडमध्ये हक्काची जागा मिळाली. त्रिकोण अजून खासगी जागेतच आहे.

खासगी जागेतही शेजाऱ्याच्या अंगणात पाय पसरणारे असतात. अशी चिन्हं भरलेल्या नर्ड फाँट्स या फाँटसंचातली जुनी मटेरियल चिन्हं एफ८एफएफच्या पुढे, थेट चिनी आणि अरबी अक्षरांच्या हद्दीत गेली होती. २०२३ साली तिसऱ्या आवृत्तीत ती तिथून उठवून नव्या क्रमांकांवर नेली. प्लगइनं मात्र जुन्याच पत्त्यावर चिन्ह मागत राहिली, आणि काहींच्या स्क्रीनवर फाइलच्या चित्राच्या जागी चक्क चिनी अक्षर आलं. बग कसला, रीतसर पत्ताबदल!

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करणाऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. चौकट दिसली की ते सर्व्हरवर फाँट टाकतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सर्व्हर फक्त क्रमांक पाठवतो. चिन्ह काढतो तो आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपचा टर्मिनल. फाँट तिथे हवा, आणि टर्मिनलच्या सेटिंगमध्ये निवडलेलाही हवा. हे दुसरं निम्मे लोक विसरतात.

खरं तर तपास मिनिटभराचा आहे. व्हिम एकही प्लगइन न घेता सुरू करा. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-व्ही दाबा, मग यू, मग ई०बी०. त्रिकोण उमटला तर फाँट ठीक आहे, आता प्लगइनची उलटतपासणी करा. चौकट आली तर प्लगइन निर्दोष. चांगला फाँट टाका, नाहीतर ती उसनी ओळ काढून टाका. त्रिकोणाविनाही पट्टी बरी दिसते.

प्लगइन लिहिणाऱ्याला रागाचं पत्र धाडण्याआधी एवढं तरी कराच. तो हे फुकट करतो, आणि त्याच्या स्क्रीनवर त्रिकोण व्यवस्थित दिसत असतो.