दिवाणखान्यातली चूल

घरात फायरप्लेस असली की घराची किंमत वाढते, ऊब वाढत नाही. बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत आम्ही घरं बघत हिंडत होतो, तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. एजंटबाई प्रत्येक दिवाणखान्यात त्या काळ्या कोनाड्यासमोर जरा थबकायच्या आणि आवाज उतरवून म्हणायच्या, "डोळ्यांसमोर आणा, बाहेर बर्फ पडतोय..." आम्ही आणायचो. कर्जाचा हप्ता भरताना अजूनही अधूनमधून आणतो.

उघड्या फायरप्लेसचा खरा हिशेब असा आहे की लाकडाची बरीचशी उष्णता धुराड्यातून वर निघून जाते, आणि जाताना एकटी जात नाही. तळघरातल्या भट्टीने गॅस जाळून तापवलेली घरभरची हवाही ती सोबत ओढून नेते. समोर बसलेल्याचं तेवढं तोंड भाजतं. आम्ही घर घेतलं त्याच वर्षी, 2011 च्या ऑक्टोबरअखेरीस, झाडांवर पानं असतानाच जड बर्फ पडला, फांद्या तारांवर कोसळल्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लाखो घरांची वीज गेली. भट्टीचा पंखाही विजेवर, त्यामुळे तीही गप्प. तेव्हा आम्ही फायरप्लेस पेटवली. नाक शेकलं की पाठ गारठायची, पाठ शेकली की नाक. पहाटेपर्यंत सगळं कुटुंब स्वतःला उलटत-पालटत बसलं होतं. त्यानंतर तिच्यात काडी पडलेली नाही.

या दुखण्यावर इलाज शोधणारा माणूस आमचा शेजारी. म्हणजे वोबर्न गावचा, जन्म 1753. नाव बेंजामिन थॉम्प्सन. अमेरिकन क्रांतीच्या काळात हा गडी इंग्रजांसाठी हेरगिरी करत होता. प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर बायको-मुलीला मागे टाकून लंडनला सटकला, पुढे बव्हेरियात जाऊन सरदारकी कमावली आणि काउंट रम्फर्ड झाला. 1796 साली त्याने फायरप्लेसवर निबंध लिहिला: कोनाडा उथळ करा, आतल्या बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत येईल, आणि धुराड्याचा गळा आवळा. लंडनच्या बड्या लोकांनी धडाधड आपापल्या शेकोट्या तशा करून घेतल्या. आत काय लावायचं याबद्दलही त्याचं मत पक्कं होतं. लोखंड नको, साध्या विटा आणि वर चुन्याचा हात. पुढे त्याने लाव्वाझिएच्या विधवेशी लग्न केलं. उष्णतेवर एवढं काम केलेल्या माणसाचा तो संसार काही तापला नाही. माझ्या नवऱ्याला रम्फर्ड अतिशय प्रिय. त्याचं जन्मघर वोबर्नला अजून उभं आहे आणि आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सक्तीने दाखवलं जातं. पाहुण्याला खरं तर आउटलेट मॉलमध्ये जायचं असतं.

रम्फर्डला काळजी आगीची होती. आमचा प्रश्न आगीभोवतीच्या चौकटीचा, ज्याला इथे सराउंड म्हणतात. आमचं घर सत्तरच्या दशकातलं, सराउंड लाल विटांचा, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग गुहागरहून सासूबाई आल्या. बॅगा अजून दारातच होत्या. त्यांनी एकवार दिवाणखाना न्याहाळला आणि विचारलं,

"विटा दिसतायत गं. गिलावा राहिलाय का?"

"नाही आई, इथे अशाच ठेवतात. मुद्दाम."

"मुद्दाम?" त्या जवळ गेल्या, दोन विटांच्या सांध्यात बोट फिरवून पाहिलं. "कंत्राटदाराचे पैसे पुरते चुकवले होते ना?"

चाळीस-पन्नास वर्षं झालेल्या त्या विटा त्या दिवसापासून मलाही अर्धवट काम दिसू लागल्या. सासूबाईंनी नंतर सारवासारव केली, "वीट वाईट नाही हो, आपला विठोबा विटेवरच उभा आहे." पण विठोबाने ती दिवाणखान्यात सजावट म्हणून लावलेली नाही.

त्यात आमच्या फायरप्लेसला वर्षाकाठी एकच मोठं काम असतं. भाद्रपद आला की धुराड्याची झडप लावून, कोनाडा पुसून तिथे गणपती बसतो. ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत हीच पद्धत आहे. तीन बाजूंनी भिंत, वर मँटल, त्याला झेंडूच्या माळा. मखराचा खर्च वाचतो. तेव्हा माझी अट साधी होती. हळद, कुंकू, तेल, पंचामृत आणि मोदकाचे तुपकट हात, एवढं सोसूनही जी रुसणार नाही अशी चौकट हवी. नवऱ्याने ताबडतोब एक्सेल उघडलं. एका वर्षात एकदाही न पेटणाऱ्या आगीसाठी त्याने 'उष्णतारोधकता' या रकान्याला सगळ्यात जास्त गुण ठेवले.

दगडांची वखार बघण्यासारखी असते. माणसाहून उंच लाद्या उभ्या रांगेत टेकवून ठेवलेल्या, मधून गल्ल्या, आणि गल्ल्यांतून जोडपी दबक्या आवाजात भांडत चाललेली. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीतून भिजवला आणि जी लादी आवडेल तिच्या कोपऱ्यावर फिरवायला सुरुवात केली. ओला झाला की दगड खरा रंग सांगतो, हे त्यांचं म्हणणं. विक्रेता आधी धावत आला आणि मग तोही आपल्या गिऱ्हाइकांना ओला रुमाल फिरवून दाखवू लागला.

संगमरवर पहिल्याच फेरीत बाद झाला. तो मूळचा कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम काहीही सांडलं की आम्ल त्याला खातं, तकाकी जाते आणि तिथे फिकट डाग कायमचा राहतो. हळद तर तो पिऊन टाकतो. विक्रेत्याने कारारा संगमरवरावर प्रेमाने हात फिरवत सांगितलं, की मायकेलअँजेलोने डेव्हिड यातूनच घडवला. म्हटलं, डेव्हिडच्या अंगावर कधी कुणी सोलकढी सांडली नव्हती. क्वार्ट्झ म्हणून जे विकतात, ते गारेच्या भुग्यात राळ मिसळून केलेलं असतं आणि ती राळ आगीजवळ करपते, म्हणून तेही गेलं.

ग्रॅनाइटच्या गल्लीत मात्र सासूबाई थांबल्या. काळी कुळकुळीत लादी, आत सोनेरी ठिपके, खाली चिठ्ठी: 'ब्लॅक गॅलेक्सी, इंडिया'. हा दगड आंध्रातल्या चिमकुर्तीचा. सोनेरी ठिपके ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे, आणि भूगर्भशास्त्र्यांच्या हिशेबी हा ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रोच्या कुळातला आहे. पण बाजारात चकाकणाऱ्या काळ्या दगडाची जात कुणी विचारत नाही.

"आंध्रातला? म्हणजे आपल्या ओट्याच्या कडप्प्याचा शेजारीच," सासूबाई म्हणाल्या. "याला बरा व्हिसा मिळाला. रांग लावावी लागली नसेल."

दगड जवळजवळ ठरला होता. पण नवरा म्हणाला, असा काळा चकचकीत दगड लावला तर दिवाणखान्यात ओटा बांधल्यासारखं दिसेल. एकदा हे ऐकल्यावर मला त्या लादीवर मिक्सर दिसायला लागला.

लाकूड एका मैत्रिणीने सुचवलं. तिच्याकडे आहे, सुंदर दिसतं. पण लाकूड म्हणताच नवऱ्याला बांधकामाचा नियम म्हणून दाखवायची संधी मिळाली. आगीच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत जळण्याजोगं काहीही नको. बारा इंचांच्या आत असेल तर दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे आलेलं नको. खालची न जळणारी फरशी, म्हणजे हार्थ, तोंडापुढे किमान सोळा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ. तोंड सहा चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल तर वीस आणि बारा. त्याला हे सगळं पाठ होतं. तो पट्ट्याला टेप अडकवून घरात फिरायचा आणि दिसेल ती वस्तू फायरप्लेसपासून किती लांब आहे ते मोजायचा. एक स्टूल, दोन उशा आणि मुलाची गिटार यांना त्या काळात स्थलांतर करावं लागलं.

सासूबाईंचं आपलं वेगळंच. त्यांचा पहिला प्रस्ताव जांभ्याचा. गुहागरला घराला चिरे आहेत, शंभर वर्षं काही झालं नाही, चार चिरे कुरिअरने मागवा. दुसरा प्रस्ताव त्याहून स्वस्त. त्यांच्या लहानपणी चुलीला सराउंड शेणाचा असायचा. रोज सकाळी राख काढायची, चूल आणि बाजूचा वैल पोतेऱ्याने सारवायचा, वर चार बोटांनी पांढरी रेघ ओढायची. वैलावर दूध मंद तापत ठेवलेलं असायचं, त्याच्या सायीला धुराचा वास. "दर दिवशी नवी कोरी चौकट, आणि खर्च शून्य," त्या म्हणाल्या. नवऱ्याने आईचा मान राखून एक्सेलमध्ये शेणाची ओळ घातली. किंमत: नगण्य. देखभाल: दैनंदिन. उपलब्धता: पलीकडच्या गावात गोठा आहे. शेवटच्या रकान्यात मात्र अडलं. वाळलेलं शेण म्हणजे गोवरी, आणि गोवरी जळते. सहा इंचांचा नियम.

हा घोळ मिटवला गवंड्याने. तो ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला, राहायला फ्रेमिंगहॅमला, जिथे ब्राझिलियन लोकांची मोठी वस्ती आहे. आल्या आल्या गुडघ्यांवर बसला, हातोडीच्या दांड्याने विटा वाजवून पाहिल्या आणि म्हणाला, विटा काढायच्या नाहीत, भक्कम आहेत. वरूनच पातळ लादी चढवू. मग खिशातून राखाडी दगडाचा एक तुकडा काढला. त्यावर खिळ्याने ओरखडा काढला, बारीक सँडपेपर दोनदा फिरवला, ओरखडा गेला. मी वर लिंबू पिळलं. काही झालं नाही. तो सोपस्टोन होता, मुख्यतः शंखजिऱ्याचा दगड. पाणी पीत नाही, आम्लाला दाद देत नाही, म्हणून रसायनशाळांतल्या टेबलांवर तो बसवायचे. तापला की कितीतरी वेळ ऊब धरून ठेवतो.

सासूबाईंना हे पटवायला त्याच्याकडे इंग्रजी पुरेसं नव्हतं आणि त्यांच्याकडे तर अजिबातच नव्हतं. त्याने फोनवर आपल्या आईच्या स्वयंपाकघराचा फोटो काढून पुढे धरला: चुलीवर जाड काठाचं दगडी पातेलं, त्याला तांब्याची पट्टी आणि तांब्याच्या कड्या. सासूबाईंनी चष्मा लावला.

"अगं बाई, ही तर दगडी! आमच्या आजीच्या फडताळात लोणच्याची होती. अशीच मऊ, हाताला तुळतुळीत."

मग त्या दगडीत मुरलेल्या आंब्याच्या लोणच्याबद्दल मराठीत सांगत राहिल्या आणि तो त्या पातेल्यातल्या रश्श्याबद्दल पोर्तुगीजमध्ये. दोघंही एकमेकांना मान डोलावत होते. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी त्याने ठेवणीतला मुद्दा काढला. रिओच्या डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याचं अंगही सोपस्टोनच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. 1931 पासून ऊन-पाऊस खातोय. यावर ब्राझीलला पुढे जाऊ देईल तर तो माझा नवरा कसला. त्याने लगेच हळेबिडूच्या होयसळेश्वराचे फोटो काढले: बाराव्या शतकातलं काम, त्याच जातीचा मऊ दगड, आणि मूर्तींच्या दागिन्यांतला मणी न मणी मोजता येतो. दोघांनी मिळून दगडाला इतकी प्रमाणपत्रं दिली, की आता तो नाकारला असता तर दोन धर्मांचा अपमान झाला असता.

अख्खी लादी घ्यायला आमची ऐपतही नव्हती आणि गरजही नव्हती. सराउंड म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, एक आडवी आणि खाली हार्थ. प्रत्येक वखारीच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून उरलेले तुकडे पडलेले असतात. कापडाच्या दुकानात कटपीसचा ढीग दिसल्यावर बायका पदर खोचतात, तशा आम्ही सासू-सुना त्यात शिरलो. पुढच्या गल्ल्यांत दबक्या आवाजात भांडणारी जोडपी कधीतरी इथवर पोहोचली, तर त्यांचा निम्मा संसार वाचेल.

बसवलेला सोपस्टोन फिकट राखाडी दिसतो. त्याला मिनरल ऑइल चोळलं की तो काळा, गडद होतो. हळूहळू तेल उडून जातं, की पुन्हा चोळायचं. स्वयंपाकाचं तेल वापरायचं नाही, ते खवटतं. एवढं गवंडी सांगून गेला. नवऱ्याने तेलाचं वेळापत्रक केलं. सासूबाईंनी ते पाहिलंच नाही. काळा दगड आणि तेल म्हटल्यावर त्यांच्या लेखी वार एकच, शनिवार. दर शनिवारी आंघोळ करून त्या मिनरल ऑइलची बाटली घेऊन बसू लागल्या. दगड असा चमकायला लागला की समोरून जाताना पाय आपोआप हळू पडायचे. मँटलवर त्यांनी एक निरांजन ठेवलं. मी काही बोलले नाही. जळण्याजोगं ते नव्हतं.

अशाच एका शनिवारी मराठी मंडळाचे खजिनदार वर्गणीसाठी आले. मागच्या गणपतीत त्यांनी आमच्याकडे इथेच आरती म्हटली होती. चहा येईपर्यंत त्यांची नजर त्या काळ्याभोर, तेलाने न्हालेल्या दगडावर गेली. ते उठले, पुढे झाले, डोळे मिटून हात जोडले आणि पाकिटातून एक डॉलर काढून आडव्या पट्टीच्या कडेवर ठेवला. मी तोंड उघडणार एवढ्यात सासूबाईंनी आतून साखर-खोबऱ्याची वाटी आणली आणि चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली. आता सांगणार काय?

खजिनदार गाडीत बसून जाईपर्यंत नवरा गप्प होता. दार लागताच त्याने पट्ट्याची टेप काढली, डॉलर आगीच्या तोंडापासून किती अंतरावर आहे ते मोजलं, आणि नोट कागदाची आहे असं पुटपुटत ती साडेसहा इंचांवर सरकवली.