भाडं न देणाऱ्या लहरी

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची योग्यता त्याच्या गच्चीवर किती ॲल्युमिनियम उभं आहे यावरून ठरते, असं माझं फार दिवस ठाम मत होतं. सेट काय, कोणीही पैसे टाकून आणतो, आणि घरात आणल्यावर पाहुण्यांना तो जुना टेपरेकॉर्डर वाटतो. अँटेनाचं तसं नाही. तो आभाळात असतो. आमची इमारत मुलुंड पूर्वेला रुळांच्या इतकी जवळ आहे की, ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उजव्या खिडकीला बसलेल्या माणसाला आमची गच्ची न बघता पुढे जाताच येत नाही. त्या माणसाने रोज मान वर करावी आणि 'इथे कोणीतरी राहतं बरं का' असं मनाशी म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. परदेशाशी बोलणं वगैरे नंतरचं.

म्हणून मी यागी अँटेना निवडला. १४ मेगाहर्ट्झचा, तीन एलिमेंटचा, खाली मोटर लावून फिरवायचा. त्यातली एकेक दांडी दहा-साडेदहा मीटरची. म्हणजे आमचा हॉल, स्वयंपाकघर आणि शेजाऱ्यांचा हॉल मिळून होतात तेवढी. मी कागदावर गच्ची आखली, त्यात टाक्या काढल्या, जिन्याचं छप्पर काढलं आणि कंपासने यागी फिरवून पाहिला. तो ईशान्येकडे वळला की त्याचं शेपूट शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत जात होतं. त्या सोसायटीशी आमचं आंब्याच्या एका फांदीवरून बोलणं बंद आहे. फांदीवरून एवढं, तर शेपटावरून काय होईल याचा मी विचार केला आणि तरीही यागीच ठरवला.

या यागीचंही एक आहे. १९२६ साली जपानात सेन्दाईच्या विद्यापीठातून तो जगापुढे आला. त्यावर खपले मुख्यतः शिंतारो उदा, आणि नाव लागलं त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांचं. आमच्या सोसायटीत टाक्या कोण साफ करून घेतो आणि अहवालात आभार कोणाचे मानले जातात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

आणि हा यागी मुंबईला काही परका नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि बघता बघता शहरातल्या गच्च्यागच्च्यांवर यागीच उगवले. त्यांच्यावर कावळे बसले, पतंग अडकले, वाऱ्याने माना फिरल्या. कोणी ना हरकत दाखला मागितला नाही. उलट ज्याच्या गच्चीवर ॲल्युमिनियम नाही त्याच्या मुलीच्या लग्नाची लोकांना काळजी वाटे. मी चुकीच्या दशकात हौशी झालो, एवढाच माझा गुन्हा.

सर्वसाधारण सभेत मी माझं लायसन घेऊन गेलो. भारत सरकारचं, दळणवळण मंत्रालयाचं. परीक्षा दिली, मोर्स कोड मिनिटाला आठ शब्द या वेगाने ऐकून उतरवून दाखवला, पोलीस चौकशी झाली, तेव्हा कुठे मिळालेलं. सेक्रेटरींनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"यात गच्ची कुठे लिहिलीय?"

मी म्हटलं, "गच्ची नसते हो लिहिलेली. पत्ता आहे."

"पत्ता फ्लॅटचा आहे. गच्ची सामाईक आहे."

मग आरोग्याचा प्रश्न आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अहो, यातून रेडिएशन येतं ना?" येतं, काकू. त्यासाठीच लावायचा असतो. पण पन्नास वॉट, तेसुद्धा मी बोलेन तेवढा वेळ. इथे आमच्या हिने मागच्या खुर्चीवरून "म्हणजे बराच वेळ" असं म्हटलं, त्याची इतिवृत्तात नोंद आहे. मी जिन्याच्या छपराकडे बोट दाखवलं. तिथे एका मोबाइल कंपनीचे खांब आहेत, चोवीस तास चालू. सभेने एकमुखाने खुलासा केला की ते वेगळं. कंपनी दरमहा भाडं देते. त्या भाड्यातून लिफ्टची दुरुस्ती झाली, गेटला रंग लागला. थोडक्यात, भाडं देणाऱ्या लहरी प्रकृतीला बाधत नाहीत. फुकट्या लहरींनीच सांधे धरतात.

हसून सांगतोय खरा, पण त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. देशाचं सरकार ज्या माणसाला चंद्रावर आपटून परत येणाऱ्या संदेशांपर्यंत सगळे प्रयोग करायची मुभा देतं, त्याला स्वतःच्या छपरावर दोन मिलिमीटर जाडीची तार टाकायला सात माणसांची कमिटी नाही म्हणते. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. पैसे मागितले असते तर राग आला नसता.

ठराव झाला: 'गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांव्यतिरिक्त कोणत्याही सभासदाने काहीही उभारू नये.'

त्यानंतर मी इतर पर्याय बघितले. बाल्कनीत मॅग्नेटिक लूप अँटेना बसतो, पण त्याच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात आणि शेजारी तुळस आहे. उभ्या अँटेनाला खाली खारट ओली जमीन मिळाली तर सोन्याहून पिवळं. लहरी क्षितिजाला लागून लांबवर जातात. मिठागर रोडवर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हे वाचून कसं झोपावं? पण मिठागरात रात्री बांबू घेऊन जाणारा इसम पोलिसांना काय सांगणार? गुढीपाडव्याला एक अंधुक आशा वाटली. उंच काठी, टोकाला उपडा तांब्या. तांब्या म्हणजे चक्क कपॅसिटी हॅट! कमी उंचीच्या अँटेनाची विद्युत-लांबी वाढवायला माथ्यावर असंच काहीतरी धातूचं लावतात. कोणी हरकत घेणार नाही, उलट नमस्कार करतील. पण गुढी संध्याकाळी उतरवायची असते, आणि ७ मेगाहर्ट्झचा बँड लांबच्यांसाठी नेमका संध्याकाळनंतर उघडतो.

राहिला डायपोल. मधोमध तोडलेली एक तार, मधून केबल, दोन्ही टोकांना इन्सुलेटर. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये लांबी मिळते. ७ मेगाहर्ट्झच्या बँडला साधारण वीस मीटर. यात मिरवण्यासारखं काही नाही. लोकलमधून तर सोडाच, गच्चीच्या दारातूनही धड दिसत नाही.

आणि इथे मला थांबून उषा मेहतांबद्दल बोललंच पाहिजे. घरातले सगळे या ठिकाणी उठून जातात. वाचकांना तेवढी सोय नाही.

१९४२ चा ऑगस्ट. गोवालिया टँकवर 'चले जाव' झालेलं, पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी आणि तिचे मित्र मुंबईत गुप्त रेडिओ सुरू करतात: काँग्रेस रेडिओ. लहरीची लांबी ४२.३४ मीटर. आता जरा हिशोब करा. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आमचा बँड! आज सकाळी चहा पिता पिता आम्ही जिथे एकमेकांना "फाइव्ह नाइन, ओल्ड मॅन" म्हणतो, म्हणजे आवाज उत्तम येतोय असं कळवतो, आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो, त्याच जागेवरून तेव्हा चळवळीच्या बातम्या जात होत्या, राममनोहर लोहियांची भाषणं जात होती. पुस्तकी हिशोबाने त्या लहरीला तार लागते वीस मीटरची. माझ्याएवढीच!

महायुद्ध सुरू झालं तेव्हाच सरकारने हौशी लोकांची लायसनं रद्द करून सेट जमा करायला सांगितले होते. तेव्हा हे सगळं उभं राहिलं ते चोरून. शिकागो रेडिओच्या नानिक मोटवानींकडून सामानाची मदत झाली. सुरुवात चौपाटीजवळच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून जागा बदलत राहायची. ट्रान्समीटर एक वेळ पेटीत भरून नेता येतो हो. पण तार? प्रत्येक नव्या जागी ती पुन्हा ताणायची, शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही, आणि निघताना पुन्हा गुंडाळायची. मी हे वाचतो तेव्हा भाषणं, कोर्ट, शिक्षा सगळं बाजूला राहतं आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त इन्सुलेटर येतात. १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मी मंदिराजवळच्या पॅराडाइज बंगल्यात त्या पकडल्या गेल्या. वाट दाखवली ती त्यांच्याच तंत्रज्ञाने. चार वर्षांची शिक्षा, येरवडा. १९४६ मध्ये सुटका. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. इतकी वर्षं त्या याच शहरात होत्या, आणि मी एकदाही जाऊन विचारलं नाही की बाई, तार कुठे बांधत होता?

हे सगळं मी सभेत सांगितलं होतं. पूर्ण. फ्रीक्वेन्सीसकट. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांनी कमिटीची परवानगी घेतली होती?"

"नाही."

"म्हणूनच पकडल्या गेल्या."

पण या प्रकरणातून एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. चांगला अँटेना दिसला पाहिजे हा माझा हट्ट होता, आणि याच शहरातला सगळ्यात थोर अँटेना न दिसण्यावरच टिकून होता. मी तार आणि केबल आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. काउंटरवरच्या माणसाला मी पन्नास ओहम, पंचाहत्तर ओहम, परावर्तित ऊर्जा असं समजावायला लागलो. त्याने मला संपू दिलं. मग म्हणाला, "सात मेगाहर्ट्झ ना, साहेब? किती मीटर केबल? वीस? मग आरजी-५८ घ्या. २१३ कशाला? जाड केबल दिसते भारी, तिथे फरक नाही पडणार." मी २१३ च घेऊन आलो.

तार मात्र मुद्दाम निळ्या प्लास्टिकच्या आवरणातली घेतली, नायलॉनच्या दोरीच्या रंगाची. गणपतीच्या मांडवातून उरलेला बांबू टाकीच्या शिडीला बांधला, मध्य त्याच्यावर, दोन्ही हात तिरके खाली कठड्याकडे. आमच्यात याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. हात खाली झुकवले की डायपोलचे सत्तरच्या आसपासचे ओहम पन्नासकडे येतात आणि केबलशी जमतं. ही बांबू धरून उभी होती. तार जरा लांबच कापायची आणि थोडी थोडी छाटत एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या ऊर्जेचं माप, उतरवायचा, अशी रीत आहे. मी छाटत होतो आणि ती "अहो, हात भरून आला, झालं असेल तर सोडू का?" असं विचारत होती. तिने बांबू सोडला नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

कारण तिचं तारेशी वाकडं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिचं ऑफिस अंधेरीत मरोळला होतं. फोन लागेनात, दिवे गेले. माझा सेट मात्र स्कूटरच्या बॅटरीवर चालू होता आणि खिडकीबाहेर सोडलेल्या तारेवर एक जपानी गृहस्थ कोणाशी तरी बोलत होते. मला जपान स्वच्छ ऐकू येत होतं आणि साकीनाक्याचं काही कळत नव्हतं. साकीनाक्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली होती, ते नंतर कळलं. ती त्याच रस्त्याने चालत, घाटकोपरवरून, पहाटे घरी आली. कमरेपर्यंत चिखल. मी दार उघडलं तेव्हा कानातले हेडफोन काढायचे राहून गेले होते. तिने ते पाहिले आणि विचारलं, "कोण भेटलं?"

पुढे आम्ही दोघांसाठी दोन मीटर बँडचे हातातले सेट घेतले. त्याला अर्ध्या मीटरची दांडी पुरते. तिने परीक्षाही दिली आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले. हे वाक्य तिने वाचून मंजूर केलेलं आहे.

डायपोलचं म्हणाल तर उत्तम चालतो. तो जमिनीपासून फार उंच नाही, त्यामुळे दिवसा लहरी सरळ वर जाऊन परत खालीच येतात. नाशिक, कोल्हापूर, सुरत अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखे. रात्री लांबचेही भेटतात. त्रास होतो तो दिवाळीत, जेव्हा बाल्कनीबाल्कनीतल्या स्वस्त एलईडी माळा सुरू होतात आणि सेटमध्ये आठवडाभर भजी तळल्याचा आवाज येतो. मी कोणाकडे तक्रार केलेली नाही. माझ्या माळेबद्दलही कोणी करू नये, असा साधा व्यवहार आहे.

तेव्हा एक विनंती. उपनगरात कुठल्याही गच्चीवर मध्ये बांबू आणि दोन्हीकडे उतरती निळी तार दिसली, तर तिच्या टोकांना हात लावू नका. आत कोणी बोलत असेल तर टोकांवर शेकडो व्होल्ट असतात आणि चांगलाच चटका बसतो. तिच्यावर ओली साडी टाकू नका, एसडब्ल्यूआर चढतो. आणि तुम्ही आमच्याच सोसायटीचे सभासद असाल, तर ती दोरी कपड्यांची आहे.