मावशी, अंगठा पुन्हा ठेवा

माझ्या बँकेच्या पडद्याला माझा पासवर्ड 'कमकुवत' वाटतो. त्यात एक अंक हवा, एक चिन्ह हवं, आणि मागचे पाच पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. आमच्या घरात स्थळ बघतानासुद्धा इतक्या अटी घातल्या गेल्या नव्हत्या. या अटींचं मूळ पुस्तक अमेरिकेतल्या निस्ट या मानकसंस्थेच्या बिल बर यांनी २००३ साली लिहिलं. २०१७ साली 'बरंच चुकलं' अशी कबुलीही त्यांनी जाहीरपणे देऊन टाकली. त्याच वर्षी संस्थेने नियम सैल केले. ती बातमी आमच्या गोराईची खाडी ओलांडून अजून आलेली दिसत नाही.

तसा पासवर्ड जन्मापासूनच पोटात काही न ठेवणारा. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले. इतका मनमोकळा लॉगिन पडदा पुन्हा झाला नाही.

मग ओटीपी आला. गोराई जेट्टीवरून फेरीबोटीत बसून मी वीजबिल भरायला घेतो. मधल्या पाण्यात रेंज जाते. बोट गावाच्या धक्क्याला लागते, रेंज येते, ओटीपी येतो, आणि खाली पडदा नम्रपणे कळवतो की वेळ संपली. शेजारी मोटारसायकल धरून उभा असलेला पोरगा म्हणतो, "काका, परत जाताना भरा."

उरला अंगठा. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तेव्हा वाटलं, आता आठवणीत ठेवायला काही नको, बोट कुठे विसरतंय! पण आमच्या गोराई-दोनमध्ये मासे घेऊन येणारी मावशी जन्मभर बर्फात हात घालून पापलेटं कापते. परवा ती आधारच्या मशीनसमोर बसली होती.

"मावशी, अंगठा पुन्हा ठेवा."

"आरं, पुसून ठेवला की!"

"रेघाच लागत नाहीत. दुसरं बोट द्या."

दहाही बोटं झाली. रांगेतले सगळे तिला ओळखत होते. कोण कितीची उधारी बाकी ठेवतं हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे तेही जरा लांबच उभे होते. मशीन मात्र कुणाचीच साक्ष घेईना. शेवटी मशीनवरच्या पोराने दुसरं यंत्र काढलं. "मावशी, आता डोळा दाखवा."

मावशीने टोपली बाजूला सारली, चेहरा पुढे केला.

"बग बाबा. ताजी हाय का बग. कल्लं बी बगतंस?"